दुसरा आवाज

"आप्पा, हा कॉम्प्युटर शिट्टी वाजवतोय. नगरला टाकते दुरुस्तीला," सून स्नेहल आतल्या खोलीतून म्हणाली आणि भाऊसाहेबांच्या हातातली चहाची बशी तोंडापाशी येऊन थांबली.

एखादी वस्तू आवाज करते म्हणून या घरातून दुसऱ्या मिस्त्रीकडे जाणार, हेच त्यांना समजेना. देवळाली प्रवरात भाऊसाहेबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. उसाला पाणी देणारी मोटार कुरकुरायला लागली की लोक ती टेम्पोत घालून तिथे आणत. भाऊसाहेब ती चालू करत, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. सगळे श्वास रोखून उभे राहत. मग भाऊसाहेब डोळे उघडून एवढंच म्हणत, "खालचा बुश गेलाय." मोटार उघडली की आसाभोवतीचं खालचंच कडं, म्हणजे बुश, झिजलेलं असायचं. बिघाड तपासायचा मीटर त्यांनी कधी विकत घेतला नव्हता. "मीटर ज्याला ऐकू येत न्हाई त्याच्यासाठी असतो," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. पार राहुरीपर्यंत लोक त्यांना कानवाले भाऊसाहेब म्हणत, आणि भाऊसाहेबांनाही ते पुरेसं होतं.

"नगरला कशापायी?" त्यांनी बशी खाली ठेवली. "घरात कान असताना डब्बा नगरला न्यायचा? स्टँडवर चार लोकांनी इचारलं, कुठं चाललं, तर काय सांगशील?"

"तसं नाही आप्पा, पण माझ्या रेकॉर्डिंगमध्ये येतोय तो आवाज," स्नेहल म्हणाली. तिचं माहेर नगरजवळचं केडगाव. पाचवीच्या मुलांच्या शिष्यवृत्ती परीक्षेची गणितं ती घरी बसून शिकवायची आणि ते धडे एका क्लासला पाठवायची. क्लासवाल्यांनी कळवलं होतं, की बाई, मागे कोणीतरी बारीक शिट्टी वाजवतंय, त्याला गप्प करा. रविवारपर्यंत पाच धडे द्यायचे होते.

भाऊसाहेब स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठले. टेबलाखालच्या डब्याला टोक टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. घर्र, घर्र, घर्र. आवाज अगदी स्वच्छ होता.

"पंखा हाय," ते म्हणाले. "धुरळ्यानं भरलाय. बेअरिंग कोरडं पडलंय."

डबा उघडला तर आतल्या पंख्यावर धुळीची गादीच बसलेली. त्यांनी पंखा ब्रशने साफ केला, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला, पुन्हा बसवला. बटण दाबलं. पंखा फिरतोय की नाही हे वाकून बघावं लागावं, इतकं सगळं शांत झालं. भाऊसाहेबांनी हात पुसले आणि शाबासकीसाठी सुनेकडे बघितलं.

स्नेहलने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. "आप्पा, आता तर आणखीच ऐकू येतंय. पंख्याखाली झाकलं होतं ते उघडं पडलं. कसलं टोचतंय हो!"

भाऊसाहेबांनी कान दिला. काही नाही. स्क्रू ड्रायव्हर लावला. काही नाही. दुसरा कान लावला. त्या कानालाही काही नाही. पंख्याची घरघर नव्हती, बाहेरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला तेवढाच काय तो आवाज.

"येतोय ना?" स्नेहलने विचारलं.

इथे खरं सांगून टाकलं असतं तर गोष्ट मंगळवारीच संपली असती. पण गेल्या पस्तीस वर्षांत त्यांना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता, त्यामुळे 'नाही' म्हणायची सवयच नव्हती.

"येतो की," भाऊसाहेब म्हणाले. "चांगला येतो. मला सकाळीच कळलं हुतं, दोन आवाज हायेत. येक काढला. आता दुसरा काढू."

रात्री ते अंथरुणावर उताणे पडून विचार करत राहिले. सुनेला ऐकू येतं आणि आपल्याला येत नाही, हे होईलच कसं? पोरगी चेष्टा करणारी नव्हती. मग आवाज असलाच पाहिजे. मग तो आपल्या कानात का येत नाही? शेवटी त्यांनी बायकोला हलवलं. "चांगुणा, तुला त्या डब्याची शिट्टी ऐकू येते का?"

"मला तुमचं घोरनं ऐकू येतंय पस्तीस वर्सं," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्याच्या पलीकडं काई ऐकू यायला जागाच न्हाई." आणि त्या कूस बदलून झोपल्या.

बुधवारी भाऊसाहेबांनी गोरक्षनाथ वायरमनला बोलावून आणलं. गोरक्षनाथ त्यांचा बरोबरीचा, शाळेपासूनचा दोस्त. गावातल्या निम्म्या घरांची वायरिंग त्याच्या हातची होती. त्याने डब्याशी मांडी घातली, मान तिरकी केली आणि बराच वेळ तसाच बसला.

"येतो का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कसा हाय?" गोरक्षनाथने सावधपणे विचारलं.

"बारीक."

"व्हय, बारीक. लई बारीक." गोरक्षनाथने मान डोलावली. "तुला येतोय म्हंजी येनारच की."

"येतोय ना तुला?"

"आता तू एवढं म्हनतोस तर मला न्हाई यायचा का?"

 म्हणजे गोरक्षालाही येतो. आपण एकटेच राहिलो. त्यांनी घाईघाईने विचारलं, "मग करायचं काय?"

"अर्थिंग," गोरक्षनाथ म्हणाला. वायरिंगमधलं काही कळलं नाही की तो अर्थिंग म्हणायचा, आणि आजवर त्याचं त्यावर निभावलं होतं.

अंगणात कमरेएवढा खड्डा खणायचं ठरलं. बासष्टीचे भाऊसाहेब स्वतः टिकाव घेऊन उतरले. खाली तांब्याची पट्टी, वर कोळसा, त्यावर मीठ. मीठ दुकानातून आणायला उशीर नको म्हणून चांगुणाबाईंच्या बरणीतलं खडे मीठ गेलं.

"लोनच्याचं मीठ हाय ते!" चांगुणाबाई ओरडल्या. "डब्याला मीठ लागतंय व्हय? तो काय कैरी हाय?"

"अर्थिंगला लागतंय," गोरक्षनाथने खड्ड्याच्या काठावरून समजावलं. "मीठ पडलं की आवाज जमिनीत उतरतो."

"मग तुमी दोगंबी उतरा आन् वरून मीठ घाला," असं म्हणून त्या आत गेल्या. खड्ड्याची माती वाऱ्याने घरात यायला लागली, तेव्हा मात्र त्यांनीच सुनेच्या डब्यावर जुनं लुगडं पांघरून टाकलं. हे लुगडं लक्षात ठेवायला हवं.

अर्थिंग झालं. शिट्टी होती तशीच होती, निदान स्नेहलचं तसं म्हणणं होतं. गुरुवारी संध्याकाळी सासरे कमरेवर हात ठेवून वाकडे चालताना दिसले आणि तिचं काळीज हललं. दोन दिवसांपासून तिला एक शंकाही येत होती, की आप्पांना हा आवाज येतच नसावा. पण हे सासऱ्यांना विचारायचं कसं? त्यापेक्षा खोटं बोललेलं बरं, असं तिने ठरवलं.

"आप्पा," ती हसून म्हणाली, "थांबला हं आवाज. अर्थिंगने फरक पडला."

भाऊसाहेबांनी सुटकेचा श्वास घ्यायचा की नाही? पण त्याच वेळी स्वयंपाकघरातून चांगुणाबाईंच्या हसण्याचा आवाज आला. त्या फोनवर बहिणीशी बोलत होत्या, पण भाऊसाहेबांना ते काय माहीत. त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ही परीक्षा आहे! दोघींनी ठरवून केलंय. आपण थांबला म्हणायचं, आणि या दोघींनी म्हणायचं, बघा, येत होता तरी यांना कळलं नाही.

"थांबला?" ते डोळे बारीक करून म्हणाले. "कुठं थांबला? अजून येतोय की."

स्नेहल आ वासून बघत राहिली. आवाज खरोखरच येत होता. म्हणजे आप्पांना ऐकू येतं! आपण उगाच शंका घेतली. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि तिने गुपचूप दुसरा रस्ता धरला. तो काय, ते पुढे येईल.

अशा रीतीने भाऊसाहेब दोनदा अंदाजाने बोलले होते आणि दोन्ही वेळा बरोबर ठरले होते. आता माघार घेणं आणखीनच अवघड झालं. शुक्रवारी त्यांनी दुकानात एकही मोटार ऐकली नाही. आलेल्या गिऱ्हाइकांना "आज सर्दी हाय" म्हणून सांगितलं. आपला कान गेला असेल तर उद्या या मोटारींचं काय, दुकानाचं काय, आणि आपल्याला लोक हाक तरी काय मारणार, हेच त्यांच्या मनात फिरत होतं. मनातून ते घाबरले होते.

शनिवारी सकाळी त्यांनी गोरक्षनाथला पुन्हा आणलं. स्नेहल घरात दिसत नव्हती. टेबलावरच्या कॉम्प्युटरचा पडदा काळा होता, पण तो तसा नेहमीच झोपी जायचा. डबा लुगड्याखाली होता. दोघांनी लुगड्याला दोन बाजूंनी कान लावले.

"आज जरा चढलाय," गोरक्षनाथ म्हणाला.

"व्हय. डावीकडून येतोय."

"डावीकडून? उजवीकडून हाय की भाऊसाहेब."

"मी काय आज ऐकतोय का मोटारी? डावीकडून हाय."

"तू तिकडं बसलाय म्हनून तुला डावं वाटतंय. जागा बदल."

त्यांनी जागा बदलल्या. तरी भाऊसाहेबांना डावीकडूनच आला आणि गोरक्षनाथला उजवीकडूनच. दोघांचेही आवाज चढले.

"आता बघ, थरथरतोय. ऐक!" भाऊसाहेब म्हणाले.

"थरथरतोय कुठं? येकसूर हाय. तुला थरथर ऐकू येतीय, तुज्या कानातच बिघाड हाय!"

"माज्या कानात?" भाऊसाहेब उठून उभे राहिले. "माज्या कानात बिघाड?"

तेवढ्यात डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन चांगुणाबाई दारात आल्या. "कशाला वरडताय?" त्यांनी डबा उतरवला. "दळान तसंच माघारी आनलं. गिरनी बंद हाय. साडेआठपासून लाईट न्हाई गावात."

खोलीत शांतता पसरली. आता ती सगळ्यांनाच ऐकू येत होती.

भाऊसाहेबांनी हळूच लुगडं उचललं. डब्यावरचा निळा दिवा विझलेला होता. भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून गेल्याचं सांगत होतं. पंखा बंद आहे हे त्यांना कळायला हवं होतं, पण तो पंखा त्यांनी स्वतःच इतका झकास दुरुस्त केला होता, की चालू आणि बंद यात काही फरकच उरला नव्हता.

"दीड तास?" चांगुणाबाईंनी एकदा नवऱ्याकडे आणि एकदा वायरमनकडे बघितलं. "येक मोटारवाला आन् येक लाईटवाला. आन् दोगास्नी लाईट गेल्याली कळली न्हाई?"

गोरक्षनाथने चपला शोधायला सुरुवात केली. भाऊसाहेबांनी त्याचा दंड धरला. "गोरक्षा, खरं सांग. बुधवारी तुला ऐकू येत हुतं का?"

"न्हाई रं," गोरक्षनाथ पुटपुटला. "तुला येतोय म्हटल्यावर मी न्हाई कसा म्हनू? कानवाला तू."

"मला मंगळवारपासून येत न्हाई," भाऊसाहेब म्हणाले आणि खाली बसले. इतक्या दिवसांनी खरं बोलल्यामुळे त्यांना बरं वाटलं आणि रडूही आलं.

हे सगळं स्नेहल दारामागून ऐकत होती. ती धान्याच्या खोलीतून बाहेर आली होती, हातात मोबाईल. "आप्पा, पाचही धडे झाले माझे. गुरुवारपासून पोत्यांमध्ये बसून मोबाईलवरच रेकॉर्ड करतेय. तिथे चिटपाखरूही फडकत नाही." ती त्यांच्याजवळ बसली. "आणि तो आवाज फार वरच्या पट्टीतला असतो. वय वाढलं की तसले आवाज जातातच. त्याला बिघाड नाही म्हणत. घरघर तर तुम्हाला माझ्याआधी ऐकू आली."

"पन शिट्टी गेली," भाऊसाहेब म्हणाले. "येखाद्या मोटारीला शिट्टीच असली तर?"

 गोरक्षनाथने निघताना अर्थिंग मात्र चांगलं झाल्याचं सांगितलं.

सोमवारी टाकळीमियाचा आदिनाथ पाण्याची मोटार घेऊन आला. दुकानात आणखी तिघं-चौघं नंबर लावून बसले होते. भाऊसाहेबांनी मोटार चालू केली, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. "खालचा बुश," ते म्हणाले. पण नेहमीसारखी मोटार बंद केली नाही. क्षणभर घुटमळले आणि आत हाक मारली, "स्नेहल, जरा बाहेर ये बरं."

सगळी माणसं बघायला लागली. स्नेहलने पदराला हात पुसले, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आदिनाथने श्वास रोखला.

"येतो," ती हळू म्हणाली. "बारीक. वरच्या बाजूला."

"वरचं बेअरिंग," भाऊसाहेबांनी जाहीर केलं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "दोन आवाज हायेत."

मोटार उघडली. खालचा बुश झिजलेला होताच, आणि वरचं बेअरिंगही गंजून लाल झालं होतं. "सूनबाईलाबी कान हाय की!" आदिनाथ म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि ही बातमी संध्याकाळपर्यंत राहुरीला पोहोचणार हे नक्की झालं.

गिऱ्हाइकं गेल्यावर स्नेहल हत्यारं आवरणाऱ्या सासऱ्यांजवळ येऊन उभी राहिली. "आप्पा, एक सांगू? रागावू नका. मला काहीच ऐकू आलं नव्हतं."

"मग येतो म्हनालीस ते?"

"सगळे माझ्याकडेच बघत होते ना."

 सगळे असेच बघत असताना ओळखलेल्या पस्तीस वर्षांतल्या कितीतरी मोटारी भाऊसाहेबांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात. मग त्यांनी तो लांब स्क्रू ड्रायव्हर धोतराच्या सोग्याला स्वच्छ पुसला आणि सुनेच्या हातात दिला.

"हा आता तुझ्याकडंच ठेव," ते म्हणाले.