हमीदचाचांचे हात

हमीदचाचा तुमचा लॅपटॉप बघायला आले, की आधी दोन्ही हात पाठीमागे बांधतात. मग कितीही गयावया करा, कीबोर्डला बोट लावणार नाहीत. "बटण तू दाबायचं, बाय. तसल्लीनं," एवढंच म्हणणार आणि चहाची वाट बघत उभे राहणार.

मुरुडात आमचं छोटं लॉज आहे, चाचा मागच्या गल्लीत राहतात. निम्मं आयुष्य आखातात गोदामं सांभाळण्यात गेलं आणि परत आले ते हे वेड घेऊन. रडतखडत चालणारा लॅपटॉप दिसला की त्यात फुकट मिळणारी नवी ऑपरेटिंग सिस्टीम घालायची, आणि तीही ज्याची त्यानं. त्यासाठी त्यांनी एक पेनड्राइव्ह तयार केलाय. त्यातले इंग्रजी प्रश्न काढून सगळं घरगुती बोलणं बसवलंय. सुरुवातीलाच पडद्यावर येतं, "घाबरू नको. अजून काय बिघडलं न्हाय." थोडं पुढे, "आता याला वेळ लागंल. तोवर भात टाक." कोळीवाड्यातल्या एका धिप्पाड नाखव्यानं हे वाचून खरोखर बायकोला विचारलं होतं, तांदूळ कुठे ठेवलेत म्हणून.

मी चेष्टा करायचे, चाचा, हा पेनड्राइव्ह आहे की सासूबाई? ते म्हणायचे, मशीननं माणसाशी माणसासारखं बोलावं, यात हसायचं काय?

परवा माझाच लॅपटॉप झोपला. नेमका शनिवार, दारात गिऱ्हाइकं, माझं डोकं तापलेलं. चाचा आले, हात पाठीमागे. मी न वाचताच 'हो', 'हो' करत सुटले. शेवटी एक पान आलं.

"इथं थांब. आता जुनं सगळं पुसलं जाईल. फोटो, आवाज, सगळं. दुसरीकडं ठेवलंस का? घाईत हो म्हणू नको. मी सांगितलं तरी."

माझं बोट बटणावर पडणार, तेवढ्यात चाचांचा हात सुटला आणि कीबोर्डवर आडवा आला. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मी विचारलं, "चाचा, 'मी सांगितलं तरी' म्हणजे कोणी?"

ते खुर्चीत बसले. त्यांची बायको, जुबेदाचाची, इथे एकटी असताना घरातला कॉम्प्युटर बंद पडला होता. चाचा तिकडे ड्यूटीवर. चाची फोनवर एकेक इंग्रजी अक्षर लावून वाचून दाखवत होती. यांना घाई. जे विचारील त्याला हो म्हण, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. ती हो म्हणत गेली. त्या कॉम्प्युटरात तिनं रोज संध्याकाळी थोडं थोडं बोलून रेकॉर्ड करून ठेवलेलं होतं, चाचा कायमचे परतले की दोघांनी बसून ऐकायला.

"एका शब्दानं बोलली न्हाय मला. म्हणाली, तुम्ही आलात की परत सांगेन. मी आलो तेव्हा ती दवाखान्यात होती. वाचा गेली होती तिची."

ते उठले. त्यांनी हात पुन्हा पाठीमागे नेले.

"वाच, बाय. मोठ्यानं वाच."

गिऱ्हाइकं दारात चुळबुळत होती. राहू देत उभी. मी ते पान पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतलं. "दुसरीकडं ठेवलंस का?" इथवर आले, तशी चाचा पडद्याकडे बघत हलकेच म्हणाले,

"बघून ये सावकाश. मी फोन ठेवत न्हाय."