पाखरांना रामराम घालणारे बळीरामजी

बळीरामजी माळी पाखरांना रामराम घालत. माणसांना नाही.

तेव्हा अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावाने विकला जात होता. लोक बांधसुद्धा वखरून कापूस पेरत. मी आमच्या घराण्यातला पहिला शिकलेला. बार्शीटाकळीजवळच्या त्या गावात नुकताच मास्तर म्हणून आलो होतो. पहिल्या सकाळी माझ्या नमस्काराला बळीरामजींनी उत्तर दिले नाही. डोक्यावरून गेलेल्या खंड्याला मात्र हात जोडले.

"माणसाचा रामराम कापसाच्या भावावर चढते-उतरते, मास्तर," ते पुढे एकदा म्हणाले. "पाखराचा नाई."

फाल्गुनात ते रोज तळ्याला फेरी घालत. मीही जाऊ लागलो. पळस, सावर, गवतातली इवली शंखपुष्पी, सारे मला त्यांनीच दाखवले. ते ऋण मोठे आहे. फुलांचा धंदा असून काठचे फूल ते कधी तोडत नसत. "विकाची फुलं वाडीत हायेत. हे पाहाची."

मी एखादे फूल पिवळे म्हटले की विचारत, "हळदीसारखं का लिंबासारखं?" मला सांगता येत नसे. मग परत जाऊन पाहावे लागे.

काठाचा पट्टा त्यांचा आणि धाकट्या भावाचा, किसनचा, सामाईक होता. एका सकाळी किसन तिथेच भेटला.

"दादा, यंदा इथं कापूस लावू."

"काठ राहू दे, किसन. टिटव्या अंडी घालतेत तिथं."

"काहून? टिटवी शेतसारा भरते का?"

बळीरामजी पुढे चालू लागले. मलाही किसनचेच खरे वाटले.

त्या दिवशी त्यांनी मला प्रथमच घरी नेले. ओट्यावर त्यांची बायको बसली होती. देवीच्या साथीत तिचे डोळे गेले होते. ते तिच्यासमोर बसले आणि सारी फेरी सांगू लागले.

"शंखपुष्पी फुलली."

"काल तर कळी म्हणाले."

"आज फुलली. फिकी निळी, धुतलेल्या लुगड्यासारखी."

ती हसली. लिंबू आणि हळद यांतला फरक कुणासाठी हवा होता, ते मला तेव्हा कळले.

चैत्रात किसनने काठावर वखर घातला. दुसऱ्या सकाळी आम्ही काळ्या ढेकळांतून चाललो. वर टिटव्या ओरडत घिरट्या घालत होत्या.

घरी येऊन ते नेहमीसारखे बसले. "आज शंखपुष्पी लय फुलली हाये. टिटवी अंड्यावर बसून राहिली."

मी मान खाली घातली.

"किसन काल सांजच्याले येऊन गेला," ती म्हणाली. "वखर घातला म्हून सांगत होता. रडत होता."

तिने हात पुढे करून त्यांचा गुडघा चाचपला.

"अंडी कोण्या रंगाची, ते नाई सांगतलं तुमी."

त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला.

"मातीच्या रंगाची," ते म्हणाले. "सहज दिसत नाईत."