धम्मानंदच्या सायकलीचा गिअर

गिअर काही पडेना. हदगावच्या बसस्टँडसमोर केरबांनी हँडलवरचा खटका दाबला, परत दाबला, शिवी हासडून परत दाबला. काही नाही. वैतागून त्यांनी जोरात पायडल मारलं, तसा मागून खाडकन आवाज झाला, चेन उडाली आणि केरबा चहाच्या टपरीचं बाकडं कवटाळून थांबले. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस हा! घाटात कधी गाडीला ओरखडा येऊ दिला नाही, आणि सायकलवरून आडवा झाला. चहावाल्यानं पाणी दिलं, पण आधी पोटभर हसून घेतलं.

सायकल केरबांची नव्हती. जाड टायरची, गिअरवाली ती सायकल धम्मानंदची, त्यांच्या एकुलत्या एक लेकाची. तो गेल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन गेला. येत्या रविवारी त्याचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं, आणि त्या दिवशी सायकल धम्मप्रियाला द्यायची असं पंचशीलाबाईंनी ठरवून टाकलं होतं. धम्मप्रिया त्यांची भाची. किनवटकडच्या जंगलात नर्स होती, चढउताराच्या वाटा पायी तुडवायची.

"भिंतीला टेकलेली दिसली की वाटतं, आलं लेकरू," पंचशीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "मला न्हाई बघवत. देऊन टाका. पण धडधाकट करून द्या. मोडकं दान देऊ नये माणसानं."

आता धडधाकट करायची म्हणजे आधी दुखणं कळायला पाहिजे. केरबांना वाटलं, गिअरच तर आहे, आपल्याला कोण शिकवणार! मागच्या चाकाशी एक छोटा दांडा लोंबतो, तो चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. त्या दांड्यावर दोन बारके स्क्रू होते. केरबांनी दोन्ही फिरवले. चेन थेट तारांत जाऊन अडकली. ती ओढून काढताना दांडा वाकला. दांडा सरळ करायला पान्हा लावला, तर केबल तुटली. मग मात्र ते सायकल खांद्यावर घेऊन बजरंगच्या दुकानात गेले.

बजरंगनं खाली वाकून बघितलं. "काका, स्क्रू कोणी फिरवले हे?"

"मीच. का?"

"काही न्हाई. कंपनीनं दोनच दिले, ते लई बरं झालं."

त्यानं केबल बदलली, दांडा सरळ केला, स्क्रू जागेवर आणले. सायकल स्टँडवर टांगून हातानं पायडल फिरवलं. गिअर एकामागून एक पडत गेले. "बघा, मखमल!"

केरबा नाक्यापर्यंत गेले आणि सायकल हातात धरून परत आले. "पडंना की रे."

बजरंगनं परत टांगली. मखमल. केरबा परत गेले, परत ढकलत आले. असं तिसऱ्यांदा झालं, तेव्हा दुकानात बसलेले रिकामटेकडे खुसखुसायला लागले आणि बजरंगची पार इज्जत निघाली. "चला काका, तुम्ही चालवा. मी मागून येतो," म्हणून त्यानं स्कूटी काढली.

नाक्याजवळ तो ओरडला, "काका, पाय का थांबवला?"

"गिअर टाकून राहिलो ना!"

"मग पाय कशाला थांबवायचा?"

केरबा उतरले. त्यांना बजरंगची कीव आली. "अरे लेका, पाय थांबवला म्हंजे क्लच दाबला! क्लच दाबल्याबिगर गिअर टाकतात का कुठं? डेपोत मेमो देतेत त्याबद्दल!"

बजरंग स्कूटीवर डोकं टेकवून हसला. "काका, हे गाडीच्या उलटं असतंय. हिथं पाय फिरत असला तरच चेन सरकते. पाय थांबला की चेनबी थांबली."

केरबाही हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि मग थांबेचनात. "बाबा, एकदा बसून तर बघा, मी शिकवतो," असं पोरगा किती वेळा म्हणाला होता! आणि त्यांनी दरवेळी त्याला उडवून लावलं होतं. "एसटी हाकणारा माणूस मी, ह्या खेळण्यावर बसू का?" दोन मिनिटांचं शिकवणं होतं, तेवढंही त्या लेकराच्या हातून घेतलं नाही.

डोळे पुसून ते सायकलवर बसले आणि पाय न थांबवता हदगावच्या पार बाहेर गेले. गिअर लोण्यासारखे पडत होते. दोन्ही बाजूंना सोयाबीन, अंगावर वारं. पोरगा रोज सकाळी उठून कुठं पळायचा ते त्यांना आज कळलं. सायकल देऊ नये असं मनात आलं, पण शब्द दिला होता. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "झाली दुरुस्त. देऊ रविवारी."

"हाव," पंचशीलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमली. वंदना झाली, भन्तेजींची धम्मदेसना झाली, पंगत बसली. धम्मप्रियाचं लवकर जेवण झालं. जीप गाठायची, सायकल तिच्या टपावर टाकून न्यायची, म्हणून तिनं ती गल्लीत काढली, चार पायडलं मारली आणि खाडकन चेन उडाली.

"मामा, हिचा गिअर पडंना!"

बजरंग भरल्या ताटावरून उठला. "असं कसं? माझ्या हातची मखमल हाय ती!"

केरबा त्याच्याआधी पोचले. वाकून बघतात तर केबल सैल सोडलेली, दोन्ही स्क्रू पार आतपर्यंत पिळलेले. आपण तर हात लावला नव्हता. त्यांनी मान वर केली. दारात पंचशीलाबाई उभ्या होत्या आणि समोरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत होत्या. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पदरावर चेनच्या ग्रीसची काळीकुट्ट बोटं उमटली होती.

केरबांनी हातातली केबल सोडून दिली. सायकल देऊ नये, असं दोनच दिवसांपूर्वी आपणही म्हणत होतो, फक्त मनात.

"धम्मे, राहू दे," ते म्हणाले. "माझंच चुकलं कुठंतरी. मोडकी सायकल कशी देऊ तुला? दुसरी घेऊन देतो, नवी."

धम्मप्रियानं मामांकडं बघितलं, मग मामीच्या पदराकडं. "चालंल की मामा. मला कुठं घाई हाय?" ती म्हणाली आणि सायकल तिनं स्वतःच नेऊन भिंतीला टेकवली.

बजरंग मात्र ऐकेना. "काका, दोन मिनिटं द्या, आत्ता करतो! लोक काय म्हणतील मला?"

"बजरंग, तू जेव."

"अहो पण केबल कुणीतरी…"

"तू जेव म्हणलं ना!"

बजरंग तोंड पाडून ताटावर बसला. पंचशीलाबाई परात घेऊन आल्या, न विचारता त्याच्या पानात दोन पुऱ्या वाढल्या आणि पदराची काळी बाजू आत दुमडून घेतली.