गुठळ्यांचं आकाश

सूनबाईंचा डिंक ऐन वेळी वाळला आणि सासूबाईंना बोलायला जागा मिळाली.

"एवढी शिकलीस, पण बाटलीचं झाकण लावता येईना! सरक, पिठाची खळ करते चिकटवायला. चाळीस वर्षांत माझ्या हातून एक गुठळी झाली नाही."

झाली. बोलण्याच्या भरात पीठ गार पाण्यात न कालवता थेट उकळत्या पाण्यात गेलं. तीच खळ फळीला फासून त्यावर सूनबाईंचा आकाशाचा तक्ता डकवला. कागद जागोजागी फुगला. लाटणं फिरवलं, तर दोन ठिकाणच्या गुठळ्या चार ठिकाणी गेल्या. सोलायला गेल्या, तर कोपरा हातात आला. दहाला तपासनीस यायचे होते. त्यांना तक्ता नीट समजावला तर सूनबाईंची प्रयोगशाळेतली नोकरी कायम, नाहीतर घरी.

फळी दोघींनी धरून प्रयोगशाळेत नेली. वाटभर सासूबाई गप्प. असं घरात कधी घडलं नव्हतं.

तपासनीसांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "या दीर्घिका वाकड्या का दिसताहेत?"

सूनबाई फाटका कोपरा दाबून बसवू लागल्या. सासूबाई पुढे सरसावल्या.

"गुठळ्यांमुळे. आणि त्या माझ्या आहेत, तिला बोलू नका. पीठ उकळत्या पाण्यात पडलंय."

"कागदाखालचं तुम्हाला कसं दिसतं?"

"दिसायला कशाला हवं? वरचं चित्र वाकलं की खाली गुठळी. आणि गुठळी बघितली की पीठ कसं पडलं ते कळतं!"

सूनबाई एकदम सावरल्या. "सर, माझं काम हेच! डार्क मॅटर नावाचं द्रव्य दिसत नाही. त्याच्या मागून येणारा उजेड वाकतो, म्हणून कळतं. विश्व कोवळं असताना ते जन्मलं. जन्मतःच सुसाट पळत असतं तर बारीक गुठळ्या पुसल्या गेल्या असत्या, संथ असतं तर टिकल्या असत्या. आज गुठळ्या मोजायच्या आणि तेव्हाचा जन्म ओळखायचा. त्याच गुठळ्यांत दीर्घिका धरल्या, तारे पेटले, आपण झालो."

तपासनीसांनी मान डोलावली आणि सही केली. सासूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या कागदावरच्या एका उंचवट्यावर बोट फिरवत उभ्या होत्या.

"म्हणजे आपण असल्या गुठळीत राहतो?"

"हो, आई."

"आणि ते ढवळलं कुणी?"

"कुणाला ठाऊक!"

"सूनच असणार कुणाची तरी. सासू असती तर सगळं कसं गुळगुळीत..."

बोट तिथंच थांबलं.

"कुणीच नसतं गं मग," त्या हळूच म्हणाल्या. "बरं झालं, सून होती."