मिशीवाल्या आई

विमान उडवायला शिकवणाऱ्या शिक्षकांच्या परीक्षेत सून पहिल्यांदा नापास झाली, तेव्हा विमान शिकवणारी शाळा चुकली असं म्हणायची घरात कुणाची हिंमत नव्हती. शाळा सासूबाईंनी निवडली होती. त्यांनी पाहिलेल्या पहिल्या शाळेत ऑफिस चकचकीत आणि विमानं धूळ खात पडलेली. दुसरीत विद्यार्थ्यांपेक्षा मॅनेजर जास्त. तिसरीत मिस्त्री कोपरापर्यंत तेलानं माखलेला दिसला आणि सासूबाईंनी तिथेच बैठक मारली. "हात काळे, तर यंत्र चालू. हीच शाळा."

शाळेनं तिला उडवायला झकास शिकवलं. पण दुसऱ्याला शिकवायला बसली की तिच्या हाताला कंड सुटायची. शिकणारा जरा चुकला की ती विमान वळवायचा दांडा हिसकावून घ्यायची. त्यावरच गाडं अडलं. आता दुसरी परीक्षा, आणि शाळेत शिक्षकाची एकच जागा रिकामी. यंदा गेली की दुसऱ्याची.

"तुला शिकणारा माझ्यासारखा हवा," सासूबाई म्हणाल्या. "मग कळेल धीर म्हणजे काय."

महिनाभर स्वयंपाकघरात दोन खुर्च्या शेजारीशेजारी मांडल्या गेल्या. सासूबाईंच्या हातात दांडा म्हणून लाटणं. त्या आभाळात असताना हात सोडून चष्मा पुसायच्या, उतरताना गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगायच्या. सुनेनं दोनदा तोंडानं सांगायचं, आणि तरीही ऐकलं नाही तरच हात घालायचा, असा दंडक त्यांनीच घातला. महिन्याअखेरीस नवरा जेवताना पाण्याचा पेला कलंडवायच्या बेतात आला, तरी सून दोनदा सांगून मगच पेला धरू लागली.

परीक्षेचा दिवस आला. या परीक्षेत परीक्षक स्वतःच नवख्या विद्यार्थ्याचं सोंग घेतात आणि मुद्दाम चुका करतात. हे परीक्षक भल्या मोठ्या मिशांचे, भारदस्त गृहस्थ. विमान वर गेलं आणि त्यांनी दांडा सोडून खुशाल चष्मा पुसायला घेतला.

"अहो आई, चष्मा खाली गेल्यावर पुसा," सून म्हणाली. "आधी समोर बघा."

शब्द तोंडातून सुटले आणि तिनं जीभ चावली. परीक्षकांनी मिशीवरून एकदा हात फिरवला आणि वहीत काहीतरी लिहिलं. ती माफी मागायला गेली, तर त्यांनी विमान तिरकं केलं. ते सरळ करवून घेण्याच्या गडबडीत ती पुन्हा "आई" म्हणाली. पुन्हा वही उघडली. तिसऱ्या वेळेला तिनं मोजणंच सोडून दिलं. बुडालोच आहोत, तर निदान शिकवून तरी बुडू, असं मनाशी म्हणून ती निवांतपणे शिकवत राहिली.

शेवटी उतरायची वेळ आली. परीक्षक दांडा धरून झोकात खाली निघाले, पण ते धावपट्टीकडे जातच नव्हते. शेजारी विमानं नेण्या-आणण्याची अरुंद वाट होती, तिकडे निघाले होते.

"धावपट्टी उजवीकडे," ती म्हणाली. मिशी हलली नाही.

तिचे हात शिवशिवले. आत्ता हिसकावलं की पुन्हा तोच शेरा. तिनं बोटं मांडीत रुतवली. "उजवीकडची रुंद. ही नव्हे."

तरीही काही नाही. जमीन वर येत होती.

"कंट्रोल माझ्याकडे," ती शांतपणे म्हणाली. इंजिनाला जोर दिला आणि विमान वर काढलं. "चुकतं एखाद्याचं. पुन्हा घेऊ."

पुढच्या फेरीला परीक्षकांनी अगदी गरीब मुलासारखं ऐकलं. खाली आल्यावर त्यांनी कागदावर सही केली. पास. सुनेनं कागद दोनदा वाचला आणि मग ऑफिसच्या बाकावर मटकन बसून घरी फोन लावला.

"वाटलंच होतं मला," सासूबाई म्हणाल्या. पण आवाज जरा कातर होता.

फोन ठेवते तोच परीक्षक समोर येऊन उभे राहिले. इकडेतिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"ती शेवटची चूक सोंगातली नव्हती बाई. मी खरंच ती वाट धावपट्टी समजलो."

तिनं हातातल्या कागदावरची सही पुन्हा एकदा पाहिली.

"आम्हा परीक्षकांचीही परीक्षा असते. माझी येत्या सोमवारी आहे." त्यांनी घसा खाकरला. "त्याआधी माझे दोन तास घ्याल का?"

सुनेनं कागदाची नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"घेईन," ती म्हणाली. "पण वेळेवर यायचं."