हलव्याचा कमरपट्टा बुडाला त्याची हकीकत

श्री. गजाननास वंदन, कुलस्वामिनीस वंदन, आणि ज्या देवाने झोप नामक वस्तू निर्माण केली त्यास दोन वेळा वंदन, कारण ज्या राज्याची ही हकीकत, तेथे ती वस्तू अडीच मास कोणाचे दृष्टीस पडली नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, पौष वद्य पंचमी, भानुवासर, ते दिवशी जे घडले ते लिहितो. लिहिणार कोण हे पुसू नये. राज्याची व आमची भिंत एक, भिंत चार बोटे जाडीची, आणि आमचे कान अद्याप शाबूत आहेत, इतके पुरे.

दक्षिण देशी, एका इमारतीचे तिसरे मजल्यावर, दोन खोल्या, एक मुदपाकखाना, आणि एक सज्जा ज्यावर अष्टौप्रहर दुपटी वाळत, एवढे राज्य. गादीवर श्रीमंत शाल्मलीबाईसाहेब, वय मास साडेसहा, दात एक, तोही अर्धा उगवलेला, परंतु दरारा ऐसा की स्वारीने ओठ वाकडा केला की दोन खोल्यांत धावपळ उडे. मातोश्री स्वरूपाबाई यांची कचेरीची रजा सरली होती आणि सोमवारी त्यांस कामावर रुजू होणे होते, आणि म्हणून तीर्थरूप हेरंबराव यांनी आपले चाकरीतून तीन मास रजा घेऊन राज्याचा कारभार पत्करिला, आणि कारभारात मुख्य खाते ते डायपर नामक चिलखताचे. प्रारंभी रावसाहेब आधी जुने चिलखत उतरवीत आणि मग नवे शोधू लागत, आणि तेवढ्या अवधीत बाईसाहेबांनी एक सतरंजी, एक लॅपटॉप आणि रावसाहेबांचा इस्त्रीचा सदरा काबीज केला. मग मार खाऊन शहाणपण आले. नवे आधी अंगाखाली सरकवावे, मग जुने सोडावे, दोन्ही पाय एका मुठीत धरावे, श्वास रोखावा, पुसावे, खोबरेल लावावे, आणि पट्टी ऐसी आवळावी की आत दोन बोटे जातील, तिसरे जाणार नाही. पंधरा दिवसांत हात ऐसा बसला की रावसाहेब बोलता बोलता मोहीम फत्ते करीत, आणि आम्ही भिंतीपलीकडून शाबासकी देत असू, ती त्यांस ऐकू जात नसे.

तो संक्रांतीचे सुमारास कराड प्रांताहून रावसाहेबांच्या सासूबाई कुमुदिनीबाई यांचे आगमन जाहले. बाळंतपण त्यांनीच केलेले, बाईसाहेब जन्मापासून चार मास त्यांचेच घरी वाढलेल्या, मऊ जुन्या लुगड्यांच्या लंगोटांत. डायपरास त्या 'कागदी पिशवी' म्हणत. त्यांनी पिशव्यांची चळत पाहिली, आणि पाट घातलेला होता तरी पाटावर न बसता लेकीस बोलल्या, "तू जाणार ऑफिसला. पुरुषमाणसाच्या हाती तान्ही पोर? मी नेते तिला कराडला. दोन वर्षांची झाली की आणून सोडते." यावर स्वरूपाबाई बोलल्या, "आई, मी ऑफिसला जाते म्हणजे पोरीला सोडत नाही, आणि तिचा बाप काही परका नाही." आता जावयास तोंडावर उणे बोलावे ऐसी रीत नाही, म्हणून सासूबाई भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहोन बोलल्या, "जावईबापूंना मी कुठं काय म्हणते? आमच्याकडं जावयाला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत, आणि इथं हे पोरीचं ढुंगण धुतायत." मग रावसाहेब कालनिर्णयास उद्देशूनच उत्तर करिते जाहले की, "रविवारी बोरन्हाण आहे. आंघोळीपासून शेवटापर्यंत पोरगी माझ्याकडे. भिजली, की आईसाठी रडली, तर सोमवारच्या सकाळच्या गाडीनं घेऊन जा." बोलून गेले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला, कारण धनुष्यातून बाण सुटला होता आणि बाणाचे टोकावर स्वतःचीच लेक होती.

रविवार उजाडला. रावसाहेबांनी न्हाऊ घातले, चिलखत चढविले, बोटे घालून दोन वेळा तपासले, वर काळे झबले चढविले, आणि चुरमुरे आणावयाचे राहिले म्हणोन खाली वाण्याकडे गेले. इकडे सासूबाईंनी हलव्याचे दागिने काढिले. मुकुट, हार, वाक्या, सर्व बसले, परंतु कमरपट्टा बसेना. तो त्यांनी पंधरा दिवस एकेक दाणा ओवून लंगोटाचे मापाने केलेला, आणि चिलखताचा फुगवटा ऐसा की दोन टोकांत चार बोटांचे अंतर राही. त्यांनी ओढिले, बाईसाहेबांनी किंचाळी फोडली, आणि मग सासूबाईंनी दाराकडे पाहिले, चिलखत सोडिले, उशीखाली सारिले, लंगोट नेसविला आणि वर कमरपट्टा बांधिला. घटकाभराचा तर प्रश्न, ऐसे त्यांस वाटले. हे आम्हांस मागाहून कळले.

मग इमारतीतील बायका जमल्या, लेकरे जमली, आम्हीही तिळगुळाचे आमंत्रण असल्याने गेलो. सासूबाई नवी काळी चंद्रकळा नेसून पाटावर बसल्या, मांडीवर बाईसाहेब साखरेने मढलेल्या, आणि मापाने बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे डोईवर पडू लागले, आणि लेकरे झडप घालू लागली, आणि बाईसाहेब हसल्या, त्यांचा अर्धा दात सर्वांनी पाहिला. रावसाहेब मिशीत हसत बोलिले, "तीन तास चिंता नाही." आणि औक्षणाचे तबक वर जाते न जाते तोच वेढा फुटला. हलव्याचा पाक जाहला, पाक चंद्रकळेवर उतरला, चंद्रकळेवरून पाटावर, आणि पाटाखालचे चुरमुरे गळाठून गेले. बायका पदरात तोंड घालून हसल्या, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या निमकरबाई, ज्यांस अशा प्रसंगी गप्प बसण्याचे व्रत नाही, त्या म्हणाल्या, "काय हो हेरंबराव, तीन तास ना? तीन मिनिटंसुद्धा नाही टिकलं तुमचं!" सासूबाई खाली पाहोन पदराने चंद्रकळा टिपू लागल्या. पैज त्यांनी जिंकिली होती.

रावसाहेब बाईसाहेबांस उचलून आतल्या खोलीत गेले, आणि आम्ही टॉवेल देण्याचे मिषाने मागोमाग. झबले वर केले तो लंगोट. उशी उचलली तो खाली चिलखत, कोरडे ठणठणीत. आम्ही हर्षभरे बोललो, "चला, बाहेर न्या आणि दाखवा सगळ्यांना!" रावसाहेब ते हातात घेऊन उभे राहिले आणि बोलिले, "आणि मग? एवढ्या बायकांत त्यांनी मान खाली घालायची? माझ्या घरात?" आम्ही म्हणालो, "अहो, पण पोर जाईल ना!" त्यावर त्यांनी बाईसाहेबांच्या पोटावर नाक टेकविले, मग नवे चिलखत चढविले, या खेपेस दोन वेळा चुकले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "घाईत पट्टी नीट लागली नाही. चूक माझी. ठरलं ते ठरलं, सकाळी दोघींना गाडीत बसवून देतो." स्वरूपाबाईंचे डोळे भरले आणि त्या तबक घेऊन आत वळल्या.

तो सासूबाई ओल्या चंद्रकळेनिशी पाटावरून उठल्या. "थांब स्वरूपा. जावईबापू खोटं बोलतायत. त्यांची पट्टी चांगली घट्ट होती, मीच सोडली. माझा कमरपट्टा बसंना म्हणून. आणि गप्प बसले, कारण मला पोरगी पाहिजे होती." निमकरबाईंच्या तोंडातली रेवडी तेथेच राहिली. सासूबाई पुढे बोलल्या, आता कालनिर्णयाकडे न पाहता जावयाकडे पाहून, "तुम्हांला जमत नाही म्हणून नेत नव्हते. पोरगी इकडं आल्यापासून तिचा पाळणा मी काढलाच नाही. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, ते कळतं मला. म्हणून त्यात उशी ठेवते, आणि हलवते." मग कोणी हसले नाही. आमचेही डोळ्यांत पाणी आले, ते आम्ही धुपाचे नावावर घातले.

रावसाहेब बोलिले, "माझी रजा तीन महिन्यांची. पुढं काय, हे मला अजून सुचलेलं नाही. तुम्ही इथंच राहा." सासूबाई म्हणाल्या, "लेकीच्या घरी आईनं ठाण मांडावं होय? लोक काय म्हणतील?" तेव्हा रावसाहेब बोलिले, "लेकीचं घर कुठंय हे? नातीचं आहे. मी आणि स्वरूपासुद्धा इथं तिच्याच चाकरीला." सासूबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि आज्ञा केली की, "मग ती पिशवी कशी बांधतात, दाखवा आधी." पहिले चिलखत त्यांनी मागचे पुढे बांधिले, आणि जावयाने तोंडावर उणे काढिले, आणि त्यांनी ते ऐकून घेतले.

येणेप्रमाणे बोरन्हाणाची मोहीम. कमरपट्टा बुडाला, चंद्रकळेवरचा डाग अद्याप गेला नाही, आणि पैज कोणी जिंकिली याविषयी इमारतीत दोन मते आहेत. सोमवारी स्वरूपाबाई कचेरीस गेल्या आणि बाईसाहेब राज्यातच राहिल्या. पुढील रविवारी हेरंबराव जातीने कराडास जाऊन पाळणा सोडवून घेऊन आले. उशी तेवढी त्यांनी तिकडेच राहू दिली.