डॉक्टरांनी वीस पडदे काढले

“तीन आठवडे पुष्कळ झाले! तीन आठवड्यांत मी वरची-खालची अख्खी कवळी बसवून देतो. त्यापुढे चार तारांचं लाकूड ते काय!”

दातांच्या डॉक्टरांनी हे जाहीर केलं तेव्हा ते जेवत होते. बायकोने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. घोटभर पाण्याबरोबर विषयही खाली उतरेल, अशी तिची आशा होती. तो उतरला नाही.

विषय होता अक्कांच्या निरोपसमारंभाचा. अक्का म्हणजे डॉक्टरांच्या बायकोची थोरली बहीण, शाळेच्या मुख्याध्यापिका. महिनाअखेरीस त्या निवृत्त होणार होत्या आणि समारंभात स्वतः गाणार होत्या. ड्रमवर कोपऱ्यावरचा केमिस्ट, कीबोर्डवर शाळेचे हेडक्लार्क, सगळं ठरलं होतं. तेवढ्यात बेस गिटार वाजवणाऱ्या गृहस्थांची बदली झाली.

“बेस म्हणजे ते खालचं, पोटात घुमणारं,” केमिस्टने समजावलं होतं. “तो नसला तर गाणं अनवाणी चालल्यासारखं वाटतं.”

डॉक्टरांनी लगेच हात वर केला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि त्या चोवीस वर्षांत अक्कांच्या तोंडून त्यांच्याबद्दल एकदाही निखळ बरा शब्द निघाला नव्हता. अक्कांचं त्यांच्याविषयीचं मत ठरलेलं होतं. ‘माणूस चांगला आहे. फक्त चालू असलेली वस्तू बंद पाडायची खोड आहे.’

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर दुकानातली सगळ्यात स्वस्त बेस गिटार घेऊन आले. रंग खोकल्याच्या औषधासारखा लाल. दुकानदार म्हणाला होता, “शिकणाऱ्याला उत्तम. काही करायला नको. तारा लावा आणि वाजवा.”

‘काही करायला नको’ हे शब्द डॉक्टरांच्या मनाला लागले.

तरी पहिला आठवडा बरा गेला. गिटारच्या लांब मानेवर धातूच्या वीस पट्ट्या आडव्या बसवलेल्या होत्या. त्यांना म्हणायचं पडदे. पडद्यामागे बोट दाबलं की नेमका सूर आपोआप निघतो. तिसरा पडदा, पाचवा पडदा, परत तिसरा, असं डॉक्टरांनी अक्कांचं गाणं पाठ केलं. बायको एकदा चक्क दारात उभी राहून ऐकत होती.

“चांगलं वाजतंय हो!” ती म्हणाली. “आता हिला काही करू नका.”

पण एक तार एका पडद्याला घासून खरखर करत होती. कानसेचे दोन हात मारले असते तर काम भागलं असतं. डॉक्टर मात्र उपाय शोधायला फोन घेऊन बसले, आणि तिथे त्यांना एक टक्कल पडलेला वादक दिसला. त्याच्या बेसला पडदेच नव्हते! मान तुळतुळीत, मालकाच्या डोक्यासारखी. आणि सूर असे एकमेकांत मिसळत होते, जशी चमच्यावरून उतरणारी मधाची धार.

“हे बघ!” डॉक्टर ओरडले. “पडदेच काढून टाकायचे! खरखरही गेली आणि आवाजही सुधारला!”

“पण मग ते पडदे असतात कशासाठी?”

“नवशिक्यांसाठी!”

“आणि तुम्ही कोण?” असं बायकोने विचारलं खरं, पण डॉक्टर तोवर दुसऱ्या खोलीत बॅग भरायला गेले होते.

शनिवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दवाखान्यात शस्त्रक्रिया सुरू झाली. बेस रोग्याच्या खुर्चीत आडवी, डोकं उशीवर, वर मोठा दिवा. सवयीने तिच्या गळ्यात कागदी रुमालसुद्धा बांधला गेला होता. डॉक्टरांनी मास्क चढवला आणि दाढ काढायचा चिमटा उचलला.

बाहेर रिसेप्शनिस्ट बसली होती. दवाखान्याचं दार जाड, त्यामुळे तिला ओरडूनच बोलायची सवय. वेळेआधी आलेले तिघे बाकावर होते. एक भरघोस मिशांचे गृहस्थ, एक गाल सुजलेल्या बाई आणि पुढच्या दाताची टोपी ढिली झालेल्या अक्का. समारंभाच्या आधी टोपी पक्की करून घ्यायला त्या आल्या होत्या.

आतून आवाज आला, करर्र... कट्!

“सर, किती झाले?” रिसेप्शनिस्टने विचारलं.

“चौदा काढले! सहा राहिले!”

मिशावाल्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

“सगळे आजच काढणार?” रिसेप्शनिस्टने ओरडून विचारलं.

“सगळे! एकही ठेवणार नाही! हा मात्र हट्टी आहे. थांब, तापवून घेतो!”

सुजलेल्या बाईंची सूज बसल्या जागी उतरली. त्यांनी हळूच पर्स काखेला मारली.

“अरेच्चा! हाडासकट निघाला वाटतं!” आतून डॉक्टर म्हणाले. लाकडाची ढलपी निघाली होती, पण ते बाहेर कुणाला दिसणार! “असू दे! नंतर भरू! ओरडायला आहे कोण इथे!”

मिशावाले उठले, रिसेप्शनिस्टला नमस्कार केला आणि गेले. त्यांच्या मागोमाग बाईही, नंतर फोन करते अशी खूण करून, गेल्या. राहिल्या एकट्या अक्का. त्यांनी तेहतीस वर्षं शाळा सांभाळली होती. पळून जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या उठल्या आणि दार धाडकन उघडलं.

“डॉक्टर! सोडा त्या माणसाला!”

डॉक्टर एक पाय खुर्चीवर रोवून, घामाघूम होऊन, एकोणिसावा पडदा उपटत होते. अक्कांनी चष्मा नाकावर खाली घेतला, खुर्चीकडे पाहिलं, कागदी रुमालाकडे पाहिलं, ट्रेमध्ये ओळीने मांडलेले अठरा पडदे पाहिले.

“भूल दिली होती का?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी चिमटा हातात धरूनच सगळं समजावून सांगितलं. मधाची धारसुद्धा सांगितली. शेवटी अक्का म्हणाल्या, “म्हणजे सूर कुठे आहे हे सांगणारी जी एकच गोष्ट होती, ती तुम्ही काढलीत.”

“अक्का, तुम्ही आवाज तर ऐका!”

“ऐकीन. आधी हिला उठवा. मला बसायचंय.”

टोपी मात्र डॉक्टरांनी अशी बसवली, की अक्कांनी जिभेने तीनदा चाचपून पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. म्हणजे काम उत्तम झालं होतं.

रविवारी डॉक्टरांनी पडद्यांच्या खाचा भरल्या. दातांत भरतात तेच सिमेंट. मानेचं लाकूड तपकिरी, म्हणून त्यांनी रंग मिसळून मिसळून एक छटा बनवली, चाळीस वर्षं काळा चहा प्यायलेल्या दाढेच्या मुळाची. एकेक खाच भरून निळ्या दिव्याखाली वाळवली, घासली, चमकवली. मानेवर मध्ये मध्ये पांढरे ठिपके होते. पांढरा ठिपका म्हणजे कीड लागायची सुरुवात! हात थांबेना. तेही कोरले आणि भरले. काम संपल्यावर त्यांनी नख फिरवून पाहिलं. खाच कुठे होती ते खुद्द त्यांनाही सापडेना. असं सुबक काम त्यांनी माणसाच्या तोंडातसुद्धा केलं नव्हतं.

आवाज खरोखर मधासारखा झाला. फक्त त्या मधात बोट कुठे ठेवायचं, ते कळत नव्हतं.

बुधवारी शाळेच्या सभागृहात तालीम झाली. अक्कांनी गाणं सुरू केलं. डॉक्टरांचं बोट तिसऱ्या पडद्याच्या आठवणीवर पडलं, तिथून सूर शोधत खाली घसरलं, पुढे गेलं, मागे आलं. अंधारात चपला शोधाव्यात तसं चाललं होतं. हेडक्लार्कांनी डॉक्टरांशी जुळवायला म्हणून एक पट्टी खाली दाबली. अक्का कीबोर्डबरोबर खाली आल्या, तोवर डॉक्टर वर निघून गेले होते.

“डॉक्टर, तुम्ही नक्की कुठल्या सुरात आहात?” केमिस्टने काठ्या खाली ठेवून विचारलं.

“जवळपास!” डॉक्टर म्हणाले.

अक्कांनी घसा साफ केला. “आज एवढंच पुरे.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टर एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. काकांनी बेस उजेडात धरली, डोळे बारीक केले, मग भिंग आणलं.

“इथे पडदे होते?”

“वीस होते. परत बसवून द्या.”

काकांनी पातळ करवत घेतली, अंदाजाने एका जागी दोनदा ओढली आणि करवतीचे दातच तपासले. “भरलंय काय हे? दगड?”

“दातात भरतात ते.”

“शाबास! पडदे काढलेल्या गिटारी मी पाहिल्यात. पण लोक निदान खुणेची रेघ ठेवतात हो. रेघ दिसली की बोट तिथे जातं. तुम्ही तर रेघही पुसलीत, ठिपकेही पुसलेत!” काकांनी मानेवरून कौतुकाने हात फिरवला. “पंचेचाळीस वर्षांत इतकं सफाईचं काम पाहिलं नाही. आणि इतकं बिनकामाचंसुद्धा. नवी मान मागवायची तर महिना लागेल.”

समारंभ चार दिवसांवर होता.

डॉक्टर तिथून थेट अक्कांच्या घरी गेले. वाटेत त्यांनी तीन सबबी तयार केल्या होत्या. मनगट मुरगळलं, दवाखान्यात गर्दी आहे, तार तुटली. अक्का समोर भाषणाचा कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि तिन्ही सबबी पळाल्या.

“अक्का, चांगली वाजत होती. मीच बिघडवली,” डॉक्टर म्हणाले. “मला नाही जमणार. तुमचा कार्यक्रम बिघडायला नको.”

आता व्याख्यान सुरू होणार म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. अक्कांनी चष्मा काढला, पुसला आणि परत चढवला. चोवीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच ‘मी बिघडवली’ म्हणाला होता, आणि ते पुरतं ऐकून घ्यायला त्यांना वेळ लागत होता.

“बोट न ठेवता तार छेडली तर?” त्यांनी विचारलं.

“तर काय, मोकळी तार वाजते.”

“बेसूर?”

“छे! मोकळी तार सूर दाखवणाऱ्या मशीनवर लावता येते. ती बेसूर कशी होईल?”

“मग तीन तारा माझ्या गाण्याला लावा. बोटं ठेवू नका. मी सांगते तेव्हा, सांगते ती तार.”

“पण तुमच्या गाण्याला तीन सुरांनी काय होणार? किती वळणं आहेत त्यात!”

“ते गाणं मी नाही म्हणणार,” अक्का कागदाची घडी घालत म्हणाल्या. “साधं म्हणीन. तीन सुरांत बसेल असं.”

दोन महिने बसवलेलं गाणं! तोंड उघडं ठेवून गप्प बसायची पाळी नेहमी समोरच्याची असायची; आज ती डॉक्टरांवर आली.

समारंभाला सभागृह भरून गेलं. अक्का माइकसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते साधं गाणं असं म्हटलं, की मागच्या रांगेतली कुजबुजसुद्धा थांबली. डॉक्टर अक्कांच्या उजव्या हाताकडे डोळे लावून बसले होते. एक बोट हललं की पहिली तार, दोन हलली की दुसरी. धूंऽऽ... धूंऽऽ... गाण्याच्या पायात चपला आल्या. केमिस्ट हसला. बायको पहिल्या रांगेत डोळे पुसत होती.

डाव्या हाताला काहीच काम नव्हतं. पण सगळ्यांसमोर तो नुसता लोंबकळत ठेवणं बरं दिसेना, म्हणून डॉक्टरांनी तो मानेजवळ धरला आणि गाण्याबरोबर हळूहळू वरखाली नेत राहिले. तारेपासून बोटभर दूर. डोळे अर्धे मिटून.

टाळ्या संपल्यावर प्रमुख पाहुणे लगबगीने पुढे आले. संगीतातले दर्दी म्हणून त्यांचा लौकिक होता.

“वा, बाई, वा! आणि हे तुमचे बेसवाले कोण? काय तयारी आहे! डाव्या हाताची ती चाल मी शेवटपर्यंत बघत होतो. कुठे जोर नाही, कुठे खरखर नाही!”

डॉक्टर घाईघाईने बेस पिशवीत कोंबू लागले. अक्कांनी आयुष्यात कुणाला फुकटचा अर्धा गुण दिला नव्हता. त्यांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे.

“आमच्या बहिणीचे यजमान,” त्या शांतपणे म्हणाल्या. “फार हलका हात आहे त्यांचा. तारेला लागलेला कळतसुद्धा नाही.”